हलवा तो हलवा

मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, तरी उत्तनला होड्या लागतात आणि वलांडीवर बोंबील सुकतात. आमच्या लहानपणी किनाऱ्यावर मासळीचा ढीग पडला की बाया बोलता बोलता निवडायच्या. मांदेली इकडं, करंदी तिकडं, जवळा वेगळा. गिऱ्हाईक हलव्याला ‘काळं पापलेट’ म्हणालं की आजी फटकन बोलायची, “हलवा तो हलवा. त्याला पापलेट कोन सांगतंय?”

जीवशास्त्र आजीच्या बाजूचं निघालं. इंग्रजीत तो ब्लॅक पॉम्फ्रेट. पण शास्त्रात त्याचं नाव पॅरास्ट्रोमॅटिअस नायगर, आणि पापलेटाच्या कुळात त्याला जागा नाही. तो काटबांगड्याच्या कुळातला. आता काटबांगडा तरी बांगड्याचा सख्खा कुठं? तिथं आमचंच नाव फसवतं. शहाणपण काही एकाच पाटीत नसतं.

लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून प्राण्यांची दोन शब्दी नावं प्रमाण धरतात. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्याचा स्वतःचा. बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरिअस. 1822 साली हॅमिल्टननं गंगेकाठच्या लोकांचंच नाव लॅटिन करून घेतलं. मांदेलीच्या नावात मात्र द्युसुमिए नावाचा फ्रेंच प्रवासी बसलाय. जिचा जन्म मांदेली निवडण्यात गेला, ती कोळीण कुठंच नाही. हे खुपतं. पण माझ्या मते नाव म्हणजे बक्षीस नव्हे. नावानं जीव ओळखू आला पाहिजे, आणि ओळख चुकली तर नाव बदलता आलं पाहिजे.

आपल्या पापलेटाचंच बघा. कैक वर्षं पुस्तकांत ते पॅम्पस अर्जेंटिअस होतं. अलीकडे अभ्यासकांनी दाखवलं की आपल्याकडचं पापलेट वेगळं, पॅम्पस कँडिडस. हे नाव क्युव्हिएनं 1829 सालीच दिलेलं, पण बाजूला पडलेलं. दोन जाती एक समजलो, तर एक घटली तरी दुसरीच्या आकड्यात ते दिसणार नाही. नावाची चूक अशी जिवावर बेतते.

2023 मध्ये सरकारनं पापलेटाला राज्यमासा केलं. मान मिळाला, पण तळहाताएवढी पिल्लं जाळ्यात येतातच, बाजारात विकली जातात, आणि आपण ती स्वस्त म्हणून घेतो. घरात पोराचं नाव ठेवतो, तेव्हा त्याला वाढवायचंही पत्करतो. माशाचं नाव ठेवून त्याला वाढूच दिलं नाही, तर ते नाव नुसतं पुस्तकात उरेल. मग सरकारला नावं ठेवून काय उपयोग? पाटीतलं पिल्लू ओळखून ‘हे नको’ म्हणणं आपल्याच हातात होतं.