साधारण दक्षता

मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांचा पोळा बहुधा गावीच राहिला. खंडेनवमी मात्र बरोबर आली. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांची खांदेमळणी होते. जोखड वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने चोळले जातात. जो अवयव भार वाहतो त्यालाच हात लावायचा, असा तो विधी आहे. तेथे पूजा आणि निगा यांत अंतर नाही. खंडेनवमीला वा दसऱ्याला आपण मोटारीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण हार पडतो बॉनेटवर, आणि भार वाहतात ते टायर, ब्रेक, क्लच हाताविनाच राहतात. पूजा घरी राहिली, निगा कारखान्यात गेली. या ताटातुटीतून एक प्रश्न उभा राहतो: गाडीची नियमित देखभाल ही केवळ मालकाच्या सोयीची बाब आहे, की ते त्याचे नैतिक कर्तव्य आहे?

व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले आहे. गाडी माझी, पैसा माझा, बिघडली तर खोळंबाही माझाच. हे उत्तर अर्धे खरे आहे. इंजिनातील तेल वेळेवर बदलले नाही तर त्याचे वंगणपण जाते, आतील भाग झिजतात आणि भुर्दंड मालकालाच पडतो. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते; त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि वारंवार ब्रेक दाबून ते तापले की त्याची वाफ होऊन पायाखालचे पेडल ऐनवेळी मऊ पडते. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो बदलावा, असा संकेत आहे. कारण गुळगुळीत टायर पावसाच्या पाण्यावरून घसरतो. त्या क्षणी समोर कोण असेल हे मालक ठरवीत नाही. काचीगुड्याच्या चौकात रस्ता ओलांडणारी वृद्धा आपल्या गाडीच्या हिशेबात कधीच नव्हती. वाचवलेल्या पैशांची किंमत मात्र तिने मोजायची. आपली काटकसर दुसऱ्याच्या जिवावर होऊ लागली की ती काटकसर राहत नाही.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १९०वे कलम या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. इतरांना धोका होईल असा दोष असलेले वाहन रस्त्यावर चालवणाराच नव्हे, ते चालवावयास लावणारा किंवा चालू देणाराही त्यात दोषी ठरतो. म्हणजे चालकाला पुढे बसवून मागे बसलेले आपणही त्यातून सुटत नाही. शिवाय दोष ठाऊक असला पाहिजे, असेही नाही. साधारण दक्षता घेतली असती तर जो कळला असता, तोही पुरे. ‘आम्हांला कल्पना नव्हती’ हे उत्तर कायदा सरसकट स्वीकारत नाही. तो विचारतो, कल्पना का नव्हती?

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपण शिक्षक, वकील, बँकेतले निवृत्त लोक; इंजिनाच्या पोटातले आपल्याला काय कळणार? ते कळावे अशी अपेक्षाही नाही. साधारण दक्षता म्हणजे तज्ज्ञता नव्हे. टायर डोळ्यांनी दिसतो, ब्रेकची किरकिर कानांना ऐकू येते, शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली ते पुस्तिकेत लिहिलेले असते. पाहणे, ऐकणे, विचारणे एवढेच आपले काम. मिस्त्रीकडून काम करून घेता येते. जबाबदारी त्याच्या गळ्यात घालता येत नाही. ‘जेमतेम चालेल इतके करा, खर्च नको’ असे आपणच सांगायचे आणि पुढे त्यालाच बोल लावायचा, हा न्याय नव्हे. तसेच त्याने सुचवलेला प्रत्येक खर्च म्हणजे लूट, असे गृहीत धरणेही न्याय्य नाही. काढलेला जुना भाग पाहायला मागावा, कारण विचारावे. प्रामाणिक कारागीर अशा प्रश्नाने दुखावत नाही. उलट आपले काम कोणी पाहते आहे याचे त्याला बरे वाटते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज निराळीच स्थिती आहे. मुले परदेशी, आणि गाडी अंगणात आठवडेच्या आठवडे उभी. ‘चालतेच कुठे, मग सर्व्हिसिंग कशाला?’ असे म्हटले जाते. याचे उत्तर चौमहल्ला राजवाड्यात उभे आहे. सहाव्या निजामांनी मागवलेली, १९११ सालची पिवळी रोल्स-रॉइस समारंभांपुरतीच निघाली, फार थोडी धावली. तरी काळाने तिला सोडले नाही, आणि पुढे मोठ्या कष्टाने तिचा जीर्णोद्धार करावा लागला. रबर उभ्या उभ्या कडक होते, बॅटरी उतरते, ब्रेक ऑइल ओल धरतच राहते. म्हणूनच सर्व्हिसिंगची मुदत किलोमीटरबरोबर महिन्यांतही सांगितलेली असते. झीज केवळ वापराने होते, हा आपला समज यंत्रांपुरताच चुकीचा आहे असेही नाही.

याच शहरात जून १९३२ मध्ये निजाम सरकारची बससेवा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. गाडीमागे सहा माणसे! चाक हाती धरणारा एका वेळी एकच; बाकीच्यांचे बरेचसे काम प्रवाशाच्या नजरेस न पडणारे. देखभालीचे खरे दुखणे हेच आहे. ती यशस्वी झाली की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या अपघाताबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे काम असेच असते. ते थांबले की मगच दिसते.

म्हणून आम्हांला वाटते की, नीतीची कसोटी प्रसंगी दाखवलेल्या धैर्यापेक्षा अशा बिनकौतुकाच्या कामात अधिक लागते. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही आणि ज्याला आपण त्याच्यासाठी काही केले हे कधीच कळणार नाही, त्याच्याविषयीचे कर्तव्य दर सहा महिन्यांनी, पावती घेऊन, निमूटपणे पार पाडायचे. पावसाळा तोंडावर आला आहे असे दिसले, की टायरकडे एकदा वाकून पाहावे. त्याला मुहूर्त लागत नाही.