मुदतीआधीचं मरण

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा पुष्कळदा नॉर्मल असतो. तो पाहून घरचे निर्धास्त होतात. पण पेशी किती आहेत एवढंच तो आकडा सांगतो. त्यांच्यात दम किती उरलाय, ते त्यातून कळत नाही.

पेशीचं मरण हा मुळात बिघाड नव्हेच. पेशी ज्या शिस्तीने स्वतःला आवरून घेते, तिला १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. जंतूंवर पहिली झडप घालणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तर जन्मतःच अल्पायुषी. अस्थिमज्जा अशा सुमारे शंभर अब्ज पेशी रोज घडवते, आणि जवळपास तेवढ्याच रोज निमूट संपतात. त्या रेंगाळल्या, तर जंतूंसाठी साठवलेली जहाल रसायनं आपल्याच ऊतींवर सांडतील. आपली प्रकृती या वेळच्या वेळी येणाऱ्या मरणावर उभी आहे.

किडनी निकामी झाली की ती वेळच चुकते. रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे न्यूट्रोफिल मुदतीआधी मरतात. उरलेल्या जंतू गिळण्यात आणि मारण्यात मंदावतात. लिम्फोसाइट्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. आणि याच शरीरात दाह मात्र अखंड धुमसत असतो. संरक्षण चेतवलेलंही आणि दुबळंही, ही विसंगती मला फार अस्वस्थ करते.

उपचारानेही या पेशींना सोसायला लावलंय. डायलिसिस सुरू होताच काही मिनिटांत रक्तातल्या न्यूट्रोफिल जवळजवळ दिसेनाशा होत, हे १९६८ साली नोंदलं गेलं. रक्त गाळणाऱ्या तेव्हाच्या सेल्युलोजच्या पडद्याला रक्त लागलं की त्यातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं खवळत, आणि या पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून बसत. आजचे कृत्रिम पडदे पुष्कळ सौम्य आहेत. तरीही डायलिसिसच्या रुग्णांचे बळी घेण्यात हृदयविकाराखालोखाल संसर्गच आहे. तापही कधीकधी नीट चढत नाही. क्षय असूनही त्वचेवरची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

आतली राखण अशी बाहेरच्यांच्या हाती येते. डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं, टोपण उघडण्याआधी सिस्टर मास्क लावते, रुग्णाला मान पलीकडे वळवायला सांगते, जोडाचं तोंड जंतुनाशकाने घासते आणि ते वाळेपर्यंत थांबते. घाईच्या पाळीत हे थांबणंच पहिलं सुटतं, आणि नेमकं तेच सुटता कामा नये. हिपॅटायटिस बी लसीचा डोसही इथे दुप्पट, वीसऐवजी चाळीस मायक्रोग्रॅम. तरी प्रतिसाद अनेकदा तोकडाच. किडनी पुरती थकण्याआधी लस टोचली तर शरीर तिला बरी दाद देतं. डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेला फिस्टुलाही तेव्हाच करून घेतला, तर मानेत नळी घालण्याची वेळ बहुधा येत नाही.