आधी बावखल, मग बाग

आधुनिक वास्तुकला जमिनीला कोरा कागद समजते, असा ठपका तिच्यावर आहे. तो खोटा नाही. भराव टाकून सपाटी करायची, कंपाऊंड घालायचे, पेव्हर ब्लॉक बसवायचे, मध्ये हिरवळीचा चौकोन, झाले उद्यान! पण ल कार्बुझिए यांच्या चंदीगडमध्ये शहरातून वाहणारा पावसाळी ओढा बुजवला गेला नाही. त्याच्याच खोलगट पट्ट्यात 'लेझर व्हॅली'च्या सलग बागा झाल्या. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला वसाहत रचली. तिथे सात घरांमध्ये एक सामाईक अंगण, आठ मीटर लांब-रुंद. अशा तीन गटांना मिळून त्याहून मोठे. आपल्या हवेत उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घरातली खोलीच, हा त्यांचा विचार मला मनापासून पटतो.

१९९०मध्ये तीच सिडको वसई-विरारचे नियोजन प्राधिकरण झाली. वाड्यांवर बांधकामाचे सावट आले, तेव्हा हरित वसईच्या लढ्यात तिथल्याच नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. त्या लढ्याने जे राखू पाहिले, त्यात बावखले होती. वाडी शिंपायला पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पाऊस त्यांत साचतो, मुरतो, आसपासच्या विहिरींना पाणी राहते आणि समुद्राचा खार आत सरकायला अटकाव होतो. काठावर उंबर, करंज, भोकर. भर वैशाखात तिथे गारवा असतो. महागड्या उद्यानाकडून शहर याहून वेगळे काय मागते?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बावखल बहुधा कुणाच्या तरी वाडीत असते. विरारमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला तिथे पोर घेऊन बसता येत नाही. कुणीही यावे, कुणाची परवानगी लागू नये, हे सार्वजनिक उद्यानाचे देणे मला फार मोलाचे वाटते. ते सोडून नुसते जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

म्हणून महापालिकेने मालकांना रास्त मोबदला देऊन काही बावखले उद्यानांच्या पोटात घ्यावीत. काठाने मातीची पायवाट, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, झाडांखाली बाक, कारंजे नको. आणि आराखडा काढणाऱ्याने एक पावसाळा बावखलाकाठी काढावा, पाणी कुठवर चढते ते पाहावे, मगच पहिली रेघ ओढावी.