फळ्यावरचा हिशेब

एका तालुक्याच्या गावात एक कराटे मास्तर होता. देवळामागचा पत्र्याचा हॉल त्यानं भाड्यानं घेतला होता. सकाळी तो झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा आणि संध्याकाळी तीस मुलांना शिकवायचा.

हॉलच्या भिंतीवर गिचिन फुनाकोशींचा फोटो होता. हा माणूस १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला आला, कराटे शिकवू लागला आणि शिकवण्यावर पोट भरेना म्हणून एका वसतिगृहात झाडलोट आणि राखण करून राहिला. ही गोष्ट मास्तर मुलांना पुन्हा पुन्हा सांगायचा.

फी मागायची म्हटली की मात्र त्याची जीभ अडायची. पोरं साध्या घरातली. कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, "जमेल तसं द्या."

ज्यांना आठवलं त्यांनी दिलं. पैसेवाल्यांना वाटलं, याचं भागत असेल. बाकीचे गप्प राहिले.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा मुलगा क्लासला यायचा. ड्रेसच्या बाह्या आखूड झालेल्या, पण काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, असा करायचा, की मोठी मुलं थांबून बघायची. एकदा वळताना त्याचा अंगठा दोन मॅटच्या फटीत अडकला आणि नख उलटलं. मॅटच्या कडा कधीच्याच फाटल्या होत्या. नव्या घ्यायला पैसे नव्हते. मास्तरनं पट्टी बांधली. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगा आला नाही. मग त्याच्याच गल्लीतली आणखी चार मुलं यायची बंद झाली.

तीन महिन्यांचं भाडं थकलं. मालकानं महिनाअखेरीची मुदत दिली. मास्तर उठला आणि जुन्या तालमीत गेला. वस्तादांना विचारावं, कोपऱ्यात थोडी जागा मिळते का.

नागपंचमी जवळ आली होती. हौद्यातली तांबडी माती उकरणं चाललं होतं. वस्तादांनी काही न विचारता त्याच्या हातात खोरं दिलं. मास्तर तासभर माती ओढत राहिला. कुणी तेल ओतलं, कुणी ताक, कुणी हळद टाकली, कुणी लिंबं पिळली. मातीला वास सुटला.

घाम पुसताना त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. कोळशानं यादी लिहिली होती. तेल, ताक, हळद, लिंबं, कापूर. प्रत्येकापुढं आणणाऱ्याचं नाव. तेल घाणेवाल्याचं, ताक गवळ्याचं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'खोरं', आणि पुढं पाच पोरांची नावं.

"ही पाच पोरं काय आणतात?" मास्तरनं विचारलं.

"हात आणतात," वस्ताद म्हणाले. "शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं १९१२ साली. तेव्हा पैलवानांच्या खुराकाला दरबार होता. आता दरबार न्हाई. मग राजाचं काम गावानं वाटून घ्यायचं. कुणाच्या वाट्याला काय, ते भिंतीवर लिहायचं."

"मी तर कुणाकडं काही मागतच नाही, वस्ताद. तरी पोरं का तुटली?"

"मला काय विचारतोस? शिवणवालीच्या घरी जा."

मास्तर गेला. अंगण शेणानं सारवलेलं होतं, पण मधोमध सारवण झिजून पावलांचे ठसे उमटले होते. चार पावलं सरळ, एक वळण, पुन्हा चार पावलं. कात्याचा पूर्ण नकाशा. मास्तर उंबऱ्याशी थांबून ते बघत राहिला.

"अंगठा बरा झाला का?" त्यानं विचारलं.

"तो तर कधीच झाला, सर." बाईनं मशीन थांबवलं. "तुम्ही म्हणालात, जमेल तसं द्या. दोन वर्षं काहीच जमलं नाही. किती झालं, तेही ठाऊक नाही. कुठल्या तोंडानं पाठवू पोराला? आकडा सांगितला असता, तर काहीतरी केलं असतं."

मास्तर काही बोलला नाही. त्यानं हॉलमध्ये येऊन फळा पुसला आणि लिहिलं: भाडं ५०००, वीज ८००, मॅटसाठी बाजूला १२००, पॅड आणि दुरुस्ती ५००. एकूण ७५००.

संध्याकाळी वस्ताद आले. फळा वाचून म्हणाले, "यात तुझी भाकरी कुठं हाय?"

मास्तर खाली बघू लागला. वस्तादांनी स्वतः खडू उचलला आणि खाली लिहिलं: मास्तर ७५००. एकूण १५,०००. मग तिसांनी भागलं आणि ५०० या आकड्याभोवती गोल केला.

आईबापांना बोलावलं. फळ्यासमोर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक किराणा दुकानदार उठला. "आम्हाला वाटलं, तुमचं चाललंय," असं म्हणून त्यानं दोन मुलांचे पैसे मोजून दिले. एका इलेक्ट्रिशियननं वायरिंग अंगावर घेतलं. शेवटी शिवणवाली म्हणाली, "माझे पाचशे शिलाईत वळते करा. पोरांचे फाटके ड्रेस आणि पॅडच्या खोळी माझ्याकडं द्या." मास्तरनं फळ्यावर लिहिलं: शिलाई ५००.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. पहिल्या रांगेत उभा राहिला आणि कराटेतला नमस्कार, 'ओस', इतक्या जोरात म्हणाला, की पत्रा घुमला. पाठोपाठ त्याच्या गल्लीतली चौघंही आली. भाडं फिटायला चार महिने लागले.

फुनाकोशींच्या गोष्टीला आता मास्तर आणखी एक ओळ जोडतो: त्यांचा शोतोकान दोजो, म्हणजे कराटे शिकवायची जागा, पुढं शिष्यांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून बांधला.

मास्तरच्या मनात दया होती, पण ती भिडेच्या आड राहिली. त्यानं आकडा सांगितला नाही, म्हणून ज्याला फेडायचं होतं त्याला फेडता आलं नाही. आकडा नसलेलं देणं गरिबाला सगळ्यात जड जातं. त्याचा वाटा त्याला नीट सांगावा. तो पैशानं देईल, नाहीतर हातानं देईल, आणि मग मान वर करून दारातून आत येईल.