गाडी त्यालाच चालवू दे

झाशी,
पौष वद्य पंचमी

चि. बाळास मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल दादाच्या संगणकाने आम्हा तिघांना मोठ्याने वाचून दाखवली, म्हणून हे उत्तरही तिघांचं आहे असं समज. लिहिणारी मी, मध्येमध्ये अडवून दुरुस्त्या सांगणारा तुझा दादा, आणि रेल्वेच्या गोष्टी पुरवणारे काका.

तुमच्या रेसिंग गेममध्ये दृष्टी नसलेल्या खेळाडूंसाठी एक बटण ठेवायचं घाटतं आहे, असं तू लिहितोस. ते दाबलं की गाडी आपणहून वळेल, आपणहून ब्रेक लावेल आणि खेळणारा सुखरूप शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचेल. तुझ्या मनातला जिव्हाळा मला कळतो. पण बाळ, दादा ते बटण एकदा दाबेल आणि हेडफोन काढून ठेवेल. गाडी संगणकच चालवणार असेल तर त्याने तिथे बसून काय करायचं? दिसत नाही म्हणून वेग नकोसा होत नाही. जिंकायची इच्छा जात नाही, आणि भिंतीवर आदळून पुन्हा सुरुवात करायची तयारी तर मुळीच जात नाही.

२०११ मध्ये आपल्याच उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा दादाला मधलं थोडं दिसत होतं. त्याला असलेल्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या विकारात बहुधा आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि मधली नजर सगळ्यात शेवटी जाते. टीव्हीला नाक टेकवून त्याने ती शर्यत पाहिली, पुढची दोन वर्षंही पाहिली. २०१३ नंतर ती शर्यत भारतात झाली नाही. दादाची मधली नजरही नंतर गेली. पण इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी बदलला हे तो आजही सांगतो, आणि तुझ्या गेमची सुरुवात मला तिथून व्हायला हवी आहे. त्याच्याकडे काय नाही हे तू शोधलंस, आता काय आहे ते बघ.

काकांनी सांगितलेलं इथे लिहिते. झाशी हे रेल्वेचं गाव, हे तुला माहीतच आहे. पौष-माघात इथून ग्वाल्हेर-आग्र्याकडे असं धुकं धरतं की इंजिनातून पुढचा सिग्नल दिसत नाही. लोको पायलटचे डोळे डॉक्टरांनी तपासून पास केलेले असतात, तरी त्या रात्री त्यांचा उपयोग नसतो. म्हणून सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळांवर पटाखे बसवण्याची पद्धत आहे, दोन पटाख्यांत दहा मीटर अंतर ठेवून. चाकाखाली ते फुटले की इंजिनात कळतं, सिग्नल आला. आता ‘फॉग पास’ नावाचं उपकरणही सोबत देतात. उपग्रहाच्या मदतीने ते गाडीची जागा ओळखतं आणि पुढे कोणता सिग्नल, कोणतं फाटक येतंय ते आवाजात सांगतं. आणि स्वच्छ उजेडातही लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने पुकारतात. काकांची सगळी नोकरी असं पुकारण्यात गेली.

यात गाडी कोण चालवतं? लोको पायलटच. पटाखा ब्रेक लावत नाही, फॉग पास वेग कमी करत नाही. डोळ्यांनी मिळायची ती खबर कानांनी मिळाली, आणि खबर मिळाल्यावर काय करायचं हा अधिकार ज्याचा होता त्याच्याकडेच राहिला. त्या रात्री गाडी चालवणाऱ्याला कोणी ‘सवलत दिली’ असं म्हणत नाही. दादासाठी तू एवढंच करायचं आहेस.

आणि हे होऊ शकतं की नाही, हा प्रश्न आता राहिलेला नाही. कोलंबिया विद्यापीठात ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांनी २०१८ मध्ये रेसिंग गेमसाठी आवाजाची एक पद्धत मांडली. नायर आपल्याकडचेच, रांचीच्या बी.आय.टी.त शिकलेले. त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी होत्या. गाडीचा वेग आणि रस्त्यावरची तिची दिशा सांगणारा एक सतत चालणारा आवाज, आणि येणारं वळण कोणत्या बाजूला, किती तीव्र, हे आधीच सांगणारे इशारे. अंध खेळाडूला डोळस खेळाडूइतकंच गाडीचं नियंत्रण मिळावं, त्यासाठी गेम सोपा करावा लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. तो शोधनिबंध मिळवून वाच, तुझ्या टीमलाही वाचायला दे.

मग १० ऑक्टोबर २०२३ ला टर्न १० स्टुडिओजचा ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आला. दादा खेळतो तो हाच. त्यात अंध चालकांसाठी आवाजाच्या खुणांचा एक संचच आहे. गाडी रस्त्याच्या कडेला सरकू लागली की कळतं. पुढे वळण आहे, डावं की उजवं, हे आधी कळतं. वेग कधी उतरवायचा, गिअर कधी बदलायचा, याचे वेगळे आवाज आहेत. हे आवाज ज्याला हवे तसे चालू-बंद करता येतात, लहान-मोठे करता येतात. त्या कामात ब्रँडन कोल हा अंध सल्लागार स्टुडिओबरोबर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सुलभतेतल्या नव्या कामाचा पुरस्कार या गेमला मिळाला. पुरस्कारापेक्षा मला मोलाचं हे वाटतं की अंगणातल्या पोरांशी दादा आता शर्यतीबद्दल भांडतो, आणि त्या भांडणात त्याला कोणी सांभाळून घेत नाही.

तो शिकला कसा, हे तुला सांगायला हवं, कारण तुझ्या कामाचं मर्म त्यात आहे. पहिले काही दिवस सगळ्या खुणा एकदम चालू ठेवल्या होत्या, तेव्हा कानात नुसता गोंधळ माजायचा. मग त्याने प्रतिस्पर्धी बंद केले, मॅपल व्हॅलीचा एकच ट्रॅक धरला आणि फक्त कडेचा आवाज ठेवून हळूहळू फेऱ्या मारल्या. रस्ता अंगात मुरल्यावर वळणाचा इशारा जोडला, मग ब्रेकचा. आता गिअरची खूण त्याने बंदच केली आहे, कारण इंजिन त्याला ते सांगतं. यातून तू काय घ्यायचंस? एक म्हणजे खुणा सुट्या ठेव, सगळ्यांना मिळून एकच चालू-बंद देऊ नकोस. दुसरं, एकट्याने, घाई न करता, एकेक गोष्ट शिकायची जागा गेममध्ये असू दे. डोळस मुलगा ट्रॅक एका नजरेत पाहतो, दादाला तो तुकड्यातुकड्याने गोळा करावा लागतो. त्या वेळात घड्याळ आणि सोळा गाड्या त्याच्या मागे लावू नकोस.

आवाज निवडताना फार जपून निवड. इंजिन खर्जात घुमत असतं, म्हणून खुणा त्याच्यात बुडणार नाहीत अशा सुरांत हव्यात. दोन खुणा कधीच एकसारख्या वाटू नयेत. बोलून सांगणार असशील तर शब्द तुटक, लहान ठेव. दादा म्हणतो, हिंदी आवाज घातलात तर ‘दाएँ’ आणि ‘बाएँ’ भर वेगात एकच ऐकू येतात, तिथे बाजूच्या कानातला सूर जास्त भरवशाचा. मराठीत ‘डावं’ आणि ‘उजवं’ असा घोटाळा होत नाही, तेव्हा मराठी आवाज नक्की घाल. इंग्रजी न येणारी कितीतरी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणीच बोलत नाही. अजून एक. आमच्याकडचे पुष्कळ हेडफोन जुने असतात, एका बाजूचा आवाज गेलेला असतो. शर्यत सुरू होण्याआधी डावा-उजवा कान तपासून घ्यायची सोय दे.

आणि हे सगळं ज्या मेनूमागे आहे तो मेनू बोलायला हवा. सांगण्यासारखी गोष्ट नाही असं तुला वाटेल, पण दादाची सगळ्यात जास्त निराशा गाडीत नाही, पहिल्या पडद्यावर झाली आहे. एक गेम त्याने हौसेने घेतला. अंधांसाठीच्या सोयी आत होत्या, पण तिथवर पोहोचायला डोळस माणूस लागत होता. तेव्हा मी घरी नव्हते आणि तो संध्याकाळपर्यंत त्या मुक्या पडद्यासमोर थांबला. तुझा गेम उघडल्याबरोबर, भाषा निवडण्याच्याही आधी, त्याने बोलायला सुरुवात केली पाहिजे.

तू विचारलं आहेस की या मदती घेणाऱ्याला गुण कमी द्यावेत का. जुन्या फोर्झा खेळांत ब्रेक-स्टिअरिंगच्या मदती बंद ठेवणाऱ्याला जादा क्रेडिट्स मिळत, त्यावरून तुझ्या मित्रांना हे सुचलं असणार. जी मदत गाडी चालवते तिच्याबद्दल तो हिशेब एक वेळ ठेवा. पण जी मदत नुसती खबर देते तिच्यासाठी एक गुणही कापू नका. डोळसाला रस्ता दिसतो म्हणून तुम्ही त्याचे गुण कापता का?

आता मघाच्या तुझ्या बटणाकडे परत येते, कारण ते सरसकट टाकून द्यावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला दिसतं पण हात साथ देत नाहीत, एकच बोट हलतं, त्याला तीच मदत हवी असते जी दादाला नको. फोर्झातच कमीत कमी बटणांनी गाडी चालवायची सोय आहे. तिथे गेम काही कामं स्वतः उचलतो आणि उरलेलं माणूस करतो. म्हणून ‘अपंगांसाठी मोड’ असं एक गाठोडं कधी बांधू नकोस. २०१६ च्या आपल्या कायद्यातच अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. प्रत्येकाला कमी पडतं ते वेगळं, म्हणून प्रत्येक मदत सुटी. जे कमी आहे तेवढंच भर, बाकीचं त्याचं त्याला करू दे.

हातांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मायक्रोसॉफ्टचा २०१८ चा अडॅप्टिव्ह कंट्रोलर अमेरिकेत शंभर डॉलरला निघाला. त्याच्या पाठीवर साध्या ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा आहेत. त्या खाचेत जाणारा स्विच आमच्या सिपरी बाजारातला रेडिओ दुरुस्त करणाराही घंटीच्या बटणापासून बनवून देईल. पण कंट्रोलरच अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. तेव्हा तुझ्या गेममधली प्रत्येक कळ बदलता येऊ दे, कीबोर्डवर सगळं चालू दे, आणि कुठेही दोन बटणं एकदम दाबायची किंवा धरून ठेवायची सक्ती करू नकोस.

रंगांचं थोडक्यात. रेल्वेत इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर नापास झालेली मुलं काकांनी पाहिली आहेत. नजर उत्तम, फक्त लाल-हिरवं वेगळं कळत नाही. पुरुषांत हे बरंच आढळतं. तुमच्या ट्रॅकवरची मार्गरेषा हिरव्याची लाल होते तिथे त्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. रंगाबरोबर रेषेचा आकारही बदल, ब्रेकच्या जागी ती तुटक कर. ऐकू न येणाऱ्यांसाठी टायरचा कर्कश आवाज आणि मागून येणारी गाडी पडद्यावर दिसू दे. ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये मधल्या प्रसंगांना अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषेतले दुभाषे आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत असं कोणी केलं तर मला फार आनंद होईल, पण हे तुमच्या पहिल्या गेमच्या खर्चात बसणार नाही, हे मी समजते.

एका गोष्टीत मात्र खर्चाचं कारण ऐकून घेणार नाही. ज्याच्यासाठी करताय तो माणूस पहिल्या महिन्यापासून टीममध्ये घे, शेवटच्या आठवड्यात ‘जरा खेळून बघ’ म्हणायला बोलावू नकोस. तोवर गाडीचे सगळे आवाज ठरलेले असतात आणि त्याच्या खुणांना जागाच उरत नाही. पुण्यात अशी मुलं तुला सहज भेटतील. त्यांच्या वेळेचे पैसे दे, घरच्या नात्यावर काम काढून घेऊ नकोस. हे दादालाही लागू आहे. तो तुझा भाऊ आहे म्हणून फुकट तपासेल, आणि मी त्याला तसं करू देणार नाही.

तेव्हा पूर्ण गेमची वाट पाहू नकोस. एक सरळ रस्ता, एक डावं वळण, कडेचा आवाज आणि बोलणारा मेनू, एवढंच तयार झालं की दादाला पाठव. चित्रं नसली तरी चालतील, त्याला त्यांचं काही नाही. त्याला दिवसाला किती देणार ते आधी मेलमध्ये लिही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो मोकळा असतो. त्याच्या चुकांची यादी लांब येईल, तेव्हा तुझ्या मित्रांना आधीच सांगून ठेव.

आईला नमस्कार सांग. संक्रांतीचे लाडू निघाले आहेत, काका उद्या स्टेशनवर देऊन येतील.

तुझी,
मावशी