सेवेतला ‘मी’

खानदेशात कोणाचा सत्कार असला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, “यांनी सगळं स्वतःच्या बळावर उभं केलं.” जळगावच्या सराफ बाजारातला पेढीवाला असो, रावेर-सावद्याकडचा केळी बागायतदार असो, नाहीतर धुळ्यात एका खोलीत क्लास काढून आज तीनमजली इमारतीत बसणारे सर असोत, शाल-श्रीफळाबरोबर हे वाक्य ठरलेलं. त्यात खोटं काहीच नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, विहिरी तळ गाठतात, कापसाचा भाव ऐन वेळी पडतो. अशा मुलखात ज्याने काही उभं केलं त्याने घाम गाळूनच केलं.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आम्ही ख्रिस्ती. रविवारची उपासना कधी चुकली नाही. पण “कोणापुढे हात पसरायचा नाही” ही वडिलांची आज्ञा आमच्या घरात दहा आज्ञांच्या बरोबरीने चालायची. मी नर्सिंग करावं, रेल्वेच्या दवाखान्यात लागावं, क्वार्टर मिळावं आणि रिटायर होताना मेट्रन म्हणून व्हावं, असा आईचा हिशेब होता. हिशेब चांगला होता. मी मात्र नवापूरच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात गेले आणि नोकरीची सगळी वर्षं तिथेच राहिले. तो भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, नंतर नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नातेवाईक म्हणायचे, “फार मोठा त्याग केला पोरीने.” त्यागाचं कौतुक ऐकताना मला कायम अवघडल्यासारखं व्हायचं. प्रभू येशूने शिष्यांना स्वतःला नाकारायला सांगितलं, ते नेमकं काय सोडायला सांगितलं? पगार? पद? हुशारी? की आणखी काही?

लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आहे. त्याच्या शेताला भरघोस पीक येतं. ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि मग निवांत खाऊ-पिऊ म्हणतो. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. हा माणूस चोर नाही, आळशी नाही, कोणाची मजुरी त्याने बुडवल्याचं कुठे म्हटलेलं नाही. आपल्याकडे त्याला आदर्श शेतकरी म्हणून पुरस्कार मिळाला असता. पण दाखला नीट वाचला की ध्यानात येतं, तो सगळं बोलणं स्वतःशीच करतो. बायको नाही, सालदार नाही, शेजारी नाही, पाऊस पाडणारा देव तर नाहीच. त्याच्या जगात तो एकटाच आहे. मला वाटतं सोडायचं असतं ते हे एकटेपण. कष्ट सोडायचे नसतात, अक्कल सोडायची नसते.

हे सोडणं सोपं नाही, आणि ख्रिस्ती झाल्याने ते आपोआप होत नाही. याचा पुरावा म्हणून मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहते. बुद्धी, वक्तृत्व, कविता, सगळं त्यांच्यापाशी होतं. आपण स्वतः एक नवा धर्म स्थापन करावा अशी त्यांची आकांक्षा होती. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म स्थापन करायला निघालेला माणूस दुसऱ्याचा शिष्य झाला. हे मोठंच आहे. पण एक गोष्ट झाकून ठेवून टिळकांचं चरित्र सांगू नये. पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी मागाहून कळली. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले आणि बाईंचे जे हाल झाले ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतः लिहून ठेवले आहेत. टिळकांच्या समर्पणाची किंमत आधी बायकोने मोजली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. आपली महत्त्वाकांक्षा देवाच्या पायाशी ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचं आयुष्य त्याला न विचारता तिथे ठेवायचा हक्क कोणालाच नाही. माझा धाकटा भाऊ भुसावळला आई-वडिलांपाशी राहिला म्हणून मी नवापूरला जाऊ शकले. त्याला कोणी शाल दिली नाही.

टिळकांचं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम मात्र आमच्या जळगाव जिल्ह्याशी जोडलेलं आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा कोवळा मुलगा तिथे उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. या मुलाला टिळकांनी अहमदनगरच्या आपल्या घरी पोटच्या मुलासारखं ठेवून घेतलं. घरात पैसा टिकत नव्हता, तरी एक ताट वाढलं. टिळक स्वतः कवी होते. दुसऱ्याची प्रतिभा आपल्यापेक्षा वेगळी आणि ताजी आहे हे ओळखून तिला घरात जागा देणं, हे कवीला किती जड जात असेल! ठोमरे ख्रिस्ती झाला नाही. टिळकांची माया त्यामुळे कमी झाली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून तो गेला तेव्हा त्याला अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. भुसावळहून जळगावला पॅसेंजरने जाताना भादली लागायचं आणि माझे वडील खिडकीतून बोट दाखवून म्हणायचे, “इथं गेला तो.” त्यांनी कवितांचं पुस्तक आयुष्यात विकत घेतलं नव्हतं.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. बाप्तिस्म्यापासून इथवर यायला त्यांना बावीस वर्षं लागली. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला, ते गेले. धर्म बदलणं एका दिवसाचं काम आहे. आतला ‘मी’ मिशनच्या पगारातही राहतो, कवितेतही राहतो, आणि सेवेत तर फारच आरामात राहतो.

हे मी वॉर्डात पाहिलं आहे. पावसाळ्यात आमच्याकडे साप चावलेले पेशंट यायचे. त्यात मण्यार सर्वांत फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, सूज नाही, फारसं दुखत नाही, कधी डागही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही आणि हळूहळू श्वासाचे स्नायू थांबतात. साक्री तालुक्यातला एक मुलगा असा आला. नववी-दहावीतला असेल. सापाच्या विषावरची लस चढवली, डॉक्टरांनी घशात नळी घातली. मशीन एकच होतं आणि त्यावर दुसरा पेशंट होता. मग अंबू बॅग हातात घ्यायची. रबरी फुगा दाबायचा, सोडायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, पुन्हा दाबायचा. घाई करायची नाही, विसरायचं नाही. तासाभरात अंगठा बधिर होतो, मग मनगट दुखू लागतं. मी दाबलं, दुसऱ्या सिस्टरने दाबलं, वॉर्डबॉयने दाबलं, मुलाच्या बापाला शिकवलं, मावशीला शिकवलं, ज्या जीपने आणलं तिचा ड्रायव्हर गेला नव्हता, त्यालाही बसवलं. प्रार्थनेला आलेले पाळक बाही सरसावून बसले. मण्यारीच्या पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण बहुतेक वेळा ऐकू येत असतं. म्हणून जो बॅग दाबायचा तो त्याच्याशी बोलायचा. बाप त्याला बैलांची नावं सांगत होता. रात्र गेली, दिवस गेला, पुन्हा रात्र. मग त्याच्या पायाचा अंगठा हलला.

घरी जाताना त्याची आई माझा हात धरून म्हणाली, “बाई, तू व्हती म्हनीसन मना पोऱ्या वाचना.”

असं वाक्य कोणाला गोड लागणार नाही? पण खरं काय होतं? त्या दोन रात्रींतला कुठला श्वास माझा आणि कुठला त्या ड्रायव्हरचा? लस बनवणाऱ्यांचे, रस्ता बांधणाऱ्यांचे हात तर आम्ही मोजलेच नाहीत. त्याच पावसाळ्यात एक लहान मुलगी आली. तिच्यासाठीही आम्ही तेवढीच मेहनत केली, आणि ती राहिली नाही. मुलगा माझ्यामुळे वाचला असं मी मनात धरून बसले असते, तर मुलगी माझ्यामुळे गेली असंही धरावं लागलं असतं. स्वतःवर टेकून सेवा करणाऱ्यापुढे हे दोनच रस्ते राहतात. एकीकडे गर्व, दुसरीकडे मोडून पडणं. चांगल्या, जीव ओतून काम करणाऱ्या परिचारिका मी दोन्हीकडे गेलेल्या पाहिल्या. कोणी देवी होऊन बसली, कोणी नोकरी सोडून गेली.

मला दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर यायचं बळ ज्यातून मिळालं ती माझी श्रद्धा. ती मुलगी माझ्या हातून निसटली तरी देवाच्या हातून निसटली नाही, असं मी मानते. ते सिद्ध करून दाखवता येत नाही. पण या विश्वासाने मी कधी हलगर्जी झाले नाही. पाळी सुरू होताच ऑक्सिजनचा सिलिंडर तपासायचा, औषधांचं कपाट मोजायचं, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायची. देवाच्या इच्छेच्या नावाखाली स्वतःची चूक झाकणाऱ्याला मी श्रद्धावान मानत नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पंचा कमरेला बांधून, पाणी भांड्यात घेऊन, नीट पुसून धुतले. योहानाने हे बारकावे उगाच लिहिले नाहीत.

इथे माझी धुळ्याची एक मैत्रीण नेहमी अडवते. ती म्हणते, हे तर आमच्या गीतेत आहे, आणि तेही आपल्या धुळ्यातच सांगितलं गेलं आहे. तिचं खरं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आस सोडून काम करणं कैद्यांना शिकवलं, तेही स्वतः कैदी असताना. ‘गीताप्रवचने’ मी आदराने वाचली आहेत आणि कामाच्या वेळी मला त्यांचा आधार झाला आहे. तरीही एका ठिकाणी माझा पाय वेगळा पडतो. फळ सोडायलाही मोठं मनोबळ लागतं, साधना लागते. मी रात्रपाळीनंतर पाय सुजलेली, चिडलेली, नातेवाइकांवर खेकसलेली बाई. आसक्ती सोडण्याइतकी मी मोठी होईन तेव्हा होईन. शुभवर्तमान मला सांगतं की मी मोठी होण्याची वाट न पाहता देवाने मला आधीच आपलं म्हटलं आहे. काही मिळवायचं उरलेलं नाही, म्हणून मोकळ्या हाताने द्यायचं. मैत्रिणीला हे पटत नाही. ती म्हणते, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. आमचा वाद चालू आहे. तिचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा आम्ही दोघींनी आपापल्या परीने प्रार्थना केली.

आमच्या मंडळ्यांना मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं समुद्र ओलांडून पश्चिम खानदेशात आली. दवाखाने आणि शाळा निघाल्या. आज आपण त्यांच्या कंपाउंडच्या जागेवरून, कमिटीच्या खुर्च्यांवरून भांडतो. पंखा दिला तरी पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवतो. मुलं नर्सिंग झाली की आखातात किंवा इंग्लंडला जाण्याचे फॉर्म भरतात. भरू देत. घरावर कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, मी कोणाला दोष देत नाही. फक्त सत्काराच्या सभेत आपण टाळ्या कशाला वाजवतो ते एकदा पाहावं. व्हिसा मिळालेल्या मुलीचं नाव चर्चमध्ये पुकारलं जातं. अक्कलकुव्याच्या डोंगरात उपकेंद्रावर एकटी राहणाऱ्या मुलीचं नाव कोणी घेत नाही, तिच्यासाठी प्रार्थनाही होत नाही.

म्हणून भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, नवापूर इथल्या आई-बापांना माझी विनंती आहे. मुलगी किंवा मुलगा नर्सिंग, फार्मसी, डॉक्टरकी शिकून बाहेर पडला की त्याला विचारा, सातपुड्याच्या पायथ्याशी एक वर्ष देशील का? बळजबरी करू नका, नाही म्हटलं तर रागावू नका. हो म्हटलं तर त्याच्या घरभाड्याचा आणि येण्या-जाण्याचा खर्च मंडळीने उचलावा, आणि मागे राहून आई-बापांना सांभाळणाऱ्या भावंडाचंही नाव त्याच यादीत लिहावं. पावसाळ्याआधी पाठवलंत तर बरं. मण्यारीचे पेशंट पावसाळ्यात येतात आणि बॅग दाबायला हात कमी पडतात.