सोडतीतला नंबर

सप्टेंबरच्या सुट्टीची एक शीट आम्ही ऑफिसातले चौघं गेले तीन आठवडे एडिट करतोय. तारीख, कोर्स, फी, ट्रेन, मुक्काम, असे साधे रकाने. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या आहेत, फक्त एक पिवळी आहे: सेंट अँड्र्यूज, ओल्ड कोर्स. तिथे 'नक्की' लिहायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात.

मी मूळचा डोंबिवलीचा. गोल्फ पहिल्यांदा पाहिला तो हिंदी सिनेमात, शेठलोक खेळता खेळता जमिनीचे सौदे करायचे तेव्हा. नोकरीसाठी एडिनबराला आलो आणि कळलं की शहराच्या मधोमध ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचं सार्वजनिक मैदान आहे, तिथे उन्हाळ्यात कुणीही फुकट खेळावं. दोन जुने क्लब विकत घेतले आणि लागलो गवत उपटायला. चेंडू कमी, गवतच जास्त उडायचं.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, उंचसखल पट्टी. आपल्या पुळणीच्या मागे असते तशी, फक्त सुरूची झाडं नाहीत, झाडंच नाहीत. पीक येत नाही, म्हणून कुणाला नको असलेली जमीन. वाळूत पाणी मुरतं, गवत खुरटं राहतं, वारा अखंड. त्यावर मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे आणि गावची माणसं चेंडू टोलवायची. सेंट अँड्र्यूजच्या लोकांचा तिथे खेळायचा हक्क 1552च्या एका सनदेत लिहिलेला आहे. पुढे 1797मध्ये कर्जबाजारी गावाने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकली आणि गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं भांडण वीसेक वर्षं चाललं. कोर्टात आणि कोर्टाबाहेरही! आज ती जागा एका ट्रस्टकडे आहे, 1974च्या कायद्याने. जगातला सगळ्यात नावाजलेला गोल्फ कोर्स कुठल्याही क्लबच्या मालकीचा नाही, ही गोष्ट मला अजूनही खरी वाटत नाही.

तिथे खेळायचं तर बॅलट भरायचं. दोन ते चार जणांची नावं, खेळायच्या दोन दिवस आधी. मग सोडत. नंबर लागला तर तीनशे पौंडांहून जास्त फी भरून खेळा, नाहीतर पुन्हा भरा. दुसरा रस्ता म्हणजे अधिकृत पर्यटन कंपन्यांचं पॅकेज. त्यात खेळायची वेळ आधीच ठरलेली, हॉटेल जोडलेलं आणि खर्च काही पटींनी जास्त. आमच्यातल्या दोघांना पॅकेज हवंय. 'आयुष्यात एकदाच येणार, नशिबावर कशाला सोडायचं?' मलाही परवडतं. अडचण तीच आहे. परवडत नसतं तर प्रश्नच आला नसता.

सोडत हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. बाबांनी म्हाडाचे किती अर्ज भरले याची गणती नाही. उत्पन्नाचा दाखला, अनामत रक्कम, मग निकालाच्या दिवशी सकाळपासून अस्वस्थ फेऱ्या. एकदाही लागला नाही. 2024च्या मुंबईच्या सोडतीत 2,030 घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर, म्हणजे न लागणं हेच नॉर्मल. पण बाबा निकालानंतर 'नंबर नाही लागला' एवढंच म्हणायचे आणि जेवायला बसायचे. एरवी आम्ही बिल्डरचा सँपल फ्लॅट बघायला जायचो. तिथला माणूस बाबांच्या चपलांकडे बघून बजेट विचारायचा. त्या दिवशी परतताना ट्रेनमध्ये ते कुणाशी बोलायचे नाहीत. दोन्हीकडे घर मिळालं नाहीच. पण एका ठिकाणी नशीब नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी आपली ऐपत नव्हती, आणि या दोन 'नाहीं'मध्ये काय फरक असतो ते मला त्या ट्रेनमध्ये कळलं.

ग्रीकांना हे ठाऊक असावं. अथेन्समध्ये ज्युरी निवडायला खाचा पाडलेलं दगडी यंत्र होतं, त्या काळचा रँडम नंबर जनरेटर म्हणा. पदं सोडतीने वाटणं हे लोकशाहीचं लक्षण आणि निवडणूक हे मोजक्यांच्या सत्तेचं, असं अ‍ॅरिस्टॉटल नोंदवतो. आज वाचायला विचित्र वाटतं.

मग रांग का नको? रांगेत निदान कष्टाला किंमत असते. ओल्ड कोर्सवरही एकट्या खेळाडूंसाठी रांगच होती, लोक रात्रभर थंडीत उभे राहायचे. 2024मध्ये ती बंद करून तिथेही डिजिटल सोडत आणली. जुनी मंडळी हळहळली, रांगेत मैत्र्या व्हायच्या म्हणाली. खरं असेल. पण रात्रभर उभं राहायला गुडघे धड लागतात आणि घरी लहान मूल नसावं लागतं. रांग ऑनलाइन गेली की त्याहून वाईट. कॉलेजात असताना गणपतीला सावंतवाडीला जायचं म्हणून मी तात्काळचा फॉर्म आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहिली होती. चार तिकिटं मिळाली, हॉस्टेलवर हिरो झालो. ज्यांच्या पुढे घुसलो ते दिसत नव्हते, म्हणून घुसल्यासारखं वाटलंच नाही. आता वाटतं. सोडतीत निदान वेगवान बोटांचा उपयोग नसतो.

अर्थात ही समता फाटकापाशी पोचलेल्यांची. व्हिसा, पगार, तीनशे पौंड हे सगळं पार करून आलेल्या माणसाने 'मी साधा, मी सोडतीवाला' म्हणून मिरवणं जरा हास्यास्पद आहे, हे मला दिसतं. पॅकेजवाल्या मित्राचा मुद्दाही पोकळ नाही. पाहुण्यांच्या पैशावर मैदान राखलं जातं आणि गावकरी वर्षाच्या स्वस्त तिकिटात खेळतात. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मात्र दोन्ही दारं उघडी असताना मी पैशाच्या दाराने आत गेलो, तर पुढच्या वेळी बाबांसमोर 'नंबर लागला' हा शब्द मला वापरता येणार नाही. तत्त्व म्हणून हे फार मोठं नाही. मला तेवढं पुरतं.

मतदान केलं, दोन विरुद्ध दोन. शेवटी ठरलं ते असं: ते दोघं पॅकेजने जातील, आम्ही दोघं रोज बॅलट भरू, नाही लागलं तर शेजारच्या न्यू कोर्सवर खेळू. नाव न्यू, जन्म 1895.

बाबा त्याच आठवड्यात इकडे येतायत. त्यांना गोल्फशी देणंघेणं नाही, पण ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो आणि गाव तिथे कुत्री घेऊन फिरायला येतं. तेव्हा शनिवारी ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, तिथून बस, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या गवतावरून चालणार आहोत, फुकट.

काल फोनवर त्यांना बॅलटचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अर्जाला पैसे किती?"

"काहीच नाही."

"मग माझंही नाव घाल की."

"बाबा, तुम्हाला खेळता येत नाही."

"म्हाडाच्या वेळी तरी घर कुठे होतं?"

यातलं लॉजिक मी अजून सोडवतोय.